मनावरचा पहारा : पूर्व जर्मनीतील प्रचार, भय आणि लोकमत

पूर्व जर्मनीत, म्हणजे 'जर्मन लोकशाही प्रजासत्ताक' असे भारदस्त नाव धारण करणाऱ्या राज्यात, ७ मे १९८९ रोजी स्थानिक संस्थांच्या निवडणुका झाल्या. मतदारांपुढे एकच संयुक्त यादी होती आणि अधिकृत निकालानुसार ९८.८५ टक्के मतदारांनी तिला संमती दिली. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत खुली झाली आणि ३ ऑक्टोबर १९९० रोजी ते राज्यच अस्तित्वातून गेले. जवळजवळ प्रत्येक नागरिकाची संमती लाभलेली सत्ता बघता बघता का विरघळावी, हा प्रश्न इतिहासकारांना आणि समाजशास्त्रज्ञांना तेव्हापासून पडलेला आहे. निकालात फेरफार झाला होता हे पुढे सिद्ध झाले. पण तेवढ्याने कोडे सुटत नाही. फेरफार काही भागाचाच होता. उरलेली बहुसंख्य मते नागरिकांनी स्वतः मतदान केंद्रावर जाऊन, स्वतःच्या हातांनी टाकलेली होती. ती टाकताना त्यांच्या मनात काय होते आणि ते मन कसे घडवले गेले होते, याचा परिचय प्रस्तुत लेखात करून द्यायचा आहे.

अशा राज्यव्यवस्थेला मराठीत 'सर्वंकष सत्ता' असे म्हणतात. इटलीतील उदारमतवादी नेते जोव्हान्नी आमेन्दोला यांनी १९२३ मध्ये मुसोलिनीच्या पक्षावर टीका करताना या अर्थाचे विशेषण प्रथम योजले. मुसोलिनीने पुढे ते भूषण म्हणून मिरवले. हाना आरेन्ट यांच्या १९५१ मधील ग्रंथाने या संकल्पनेला तात्त्विक बैठक दिली. कार्ल फ्रीडरिख आणि झ्बिग्न्येव ब्रेझिन्स्की यांनी १९५६ मध्ये तिची सहा लक्षणे सांगितली : सर्वस्पर्शी विचारप्रणाली, एकच पक्ष, गुप्त पोलिसांची दहशत, प्रसारमाध्यमांची मक्तेदारी, शस्त्रांची मक्तेदारी आणि केंद्रनियंत्रित अर्थव्यवस्था. पूर्व जर्मनीत ही सहाही लक्षणे आढळतात. तरीही उत्तरार्धातील पूर्व जर्मनीला हिटलरच्या जर्मनीच्या किंवा स्टालिनच्या रशियाच्या पंक्तीला बसवावे की नाही, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, कारण तेथे सामूहिक संहार नव्हता. आपल्या विषयापुरते हेच राज्य अधिक उपयुक्त ठरते. ज्या सत्तेने तुलनेने थोडे रक्त सांडून अधिक मौन मिळवले, तिच्या कार्यपद्धतीत भय आणि मत यांचा संबंध स्पष्ट दिसतो. शिवाय या सत्तेची गुप्त कागदपत्रे आज जगापुढे उघडी आहेत. असे भाग्य इतर सर्वंकष सत्तांच्या अभ्यासकांना क्वचितच लाभते.

या राज्याची स्थापना ७ ऑक्टोबर १९४९ रोजी सोव्हिएत व्याप्त प्रदेशात झाली. तत्पूर्वी, एप्रिल १९४६ मध्ये, त्या प्रदेशातील साम्यवादी आणि सामाजिक लोकशाहीवादी पक्षांचे दबावाखाली विलीनीकरण करून समाजवादी एकता पक्ष निर्माण करण्यात आला होता. प्रथम वाल्टर उलब्रिख्त आणि १९७१ पासून एरिख होनेकर हे या पक्षाचे सूत्रधार होते. १७ जून १९५३ रोजी वाढवलेल्या कामाच्या प्रमाणाविरुद्ध कामगारांनी देशभर संप आणि निदर्शने केली, तेव्हा सोव्हिएत रणगाडे रस्त्यावर आले आणि किमान ५५ माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवसाची स्मृती पुढील छत्तीस वर्षे राज्यकर्त्यांच्या आणि प्रजेच्या, दोघांच्याही मनात राहिली. दरम्यान लोकांनी दुसरा मार्ग धरला : १९४९ ते १९६१ या काळात सुमारे २७ लाख माणसे देश सोडून पश्चिमेला गेली. १३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिनमध्ये काटेरी तारा पडल्या आणि तो मार्गही बंद झाला. त्या तारांच्या जागी उभ्या राहिलेल्या भिंतीला सरकारी परिभाषेत 'फॅसिझमविरोधी संरक्षक तट' म्हणत. तिच्यावरील बंदुका मात्र आतल्या बाजूच्या माणसांकडे वळलेल्या होत्या आणि तिच्यापाशी किमान १४० जणांचा बळी गेला.

आता प्रचाराकडे वळू. साम्यवादी परंपरेत प्रचाराचे दोन प्रकार मानले जातात आणि हा भेद रशियन विचारवंत प्लेखानोव्ह यांच्यापासून लेनिनपर्यंत काटेकोरपणे पाळला गेला. थोड्या माणसांना अनेक कल्पना सविस्तर समजावणे हा पहिला प्रकार. त्यास 'सिद्धान्तप्रचार' म्हणता येईल. पुष्कळ माणसांच्या मनावर एकच कल्पना पुनःपुन्हा ठसवणे हा दुसरा. त्याला 'लोकप्रक्षोभन' ही संज्ञा योग्य वाटते. पूर्व जर्मनीच्या पक्षाच्या केंद्रीय समितीत या दोन कामांसाठी दोन वेगळे विभाग होते. पक्षशाळा, विद्यापीठांतील मार्क्स-लेनिनवादाचे सक्तीचे अभ्यासक्रम आणि कार्यकर्त्यांची वार्षिक अभ्यासवर्तुळे ही पहिल्याची क्षेत्रे. वृत्तपत्रे, नभोवाणी, दूरचित्रवाणी, फलक आणि मिरवणुका ही दुसऱ्याची.

वृत्तपत्रांवर पूर्वपरीक्षणाचा शिक्का मारणारे कार्यालय तेथे नव्हते, हे वाचून आश्चर्य वाटेल. त्याची गरजच नव्हती. दर गुरुवारी बर्लिनमधील प्रमुख संपादकांना केंद्रीय समितीत बोलावून पुढील आठवड्यात कोणता विषय घ्यावा, कोणता टाळावा आणि कोणता शब्द वापरावा हे सांगितले जाई. संपादक स्वतःच स्वतःचा परीक्षक बने. पक्षाचे मुखपत्र 'नॉयेस डॉइचलांट' हे या शिस्तीचे परिपक्व फळ होते. मार्च १९८७ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेचे वृत्त देताना त्याच्या एकाच अंकात होनेकर यांची चाळीसहून अधिक छायाचित्रे छापली गेली. वाचकाला त्यातून नवी माहिती कोणतीच मिळत नसे, आणि ती देण्याचा हेतूही नसावा. कोण सत्तेवर आहे, हे दररोज सकाळी दाराशी येऊन सांगणे एवढेच त्याचे कार्य होते.

प्रचारात जे सांगितले जाते त्यापेक्षा जे गाळले जाते ते अनेकदा अधिक परिणामकारक ठरते. नोव्हेंबर १९८२ मध्ये मंत्रिमंडळाने ठराव करून पर्यावरणविषयक आकडेवारी गोपनीय ठरवली. बिटरफेल्ड आणि वोल्फेन या शेजारच्या औद्योगिक नगरांतील हवा आणि पाणी युरोपात कुप्रसिद्ध होते. आपल्याकडील जुन्या छायाचित्रकारांना आणि चित्रपटसृष्टीतील मंडळींना 'ओर्वो' ही कृष्णधवल फिल्म ठाऊक असेल. ती याच वोल्फेनच्या कारखान्यात तयार होई आणि तेथील सांडपाणी लगतच्या खाणीच्या खड्ड्यात साचे. तेथील रहिवाशाच्या नाकाला दुर्गंधी येत होती, मुलाच्या खोकल्याचा आवाज रात्री ऐकू येत होता; पण हा त्रास आपल्या घरापुरता आहे की संपूर्ण जिल्ह्याचा, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. अनुभव प्रत्येकाजवळ होता, त्याची बेरीज मात्र राज्याच्या तिजोरीत बंद होती. या लेखाचा मुख्य मुद्दा येथेच दडलेला आहे आणि पुढे तो वारंवार येईल.

दूरचित्रवाणीची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. पश्चिम जर्मनीच्या प्रक्षेपणलहरी भिंत ओळखत नव्हत्या. देशाच्या बहुतांश भागात पश्चिमेकडील कार्यक्रम दिसत. १९६१ मध्ये पक्षाच्या युवक संघटनेने छपरांवरील पश्चिमेकडे वळवलेल्या अँटेना उतरवण्याची मोहीम काढली, पण ती फार काळ टिकली नाही. मग सरकारने प्रतिवादाचा मार्ग घेतला. कार्ल-एडुआर्ड फॉन श्निट्स्लर यांचा 'काळी वाहिनी' या अर्थाच्या नावाचा कार्यक्रम मार्च १९६० मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर १९८९ पर्यंत चालला. पश्चिमेकडील वार्तापटांतील तुकडे दाखवून ते कसे खोटे आहेत, हे श्निट्स्लर दर सोमवारी रात्री समजावत. जनतेने त्यांच्या नावावरून कालमापनाचे एक एककच बनवले होते : निवेदिका त्यांचे नाव उच्चारू लागल्यापासून प्रेक्षक उठून वाहिनी बदलेपर्यंत जेवढा वेळ जातो तो एक 'श्निट्स'.

आग्नेयेकडील ड्रेस्डेन आणि ईशान्येचा कोपरा येथे मात्र पश्चिमेकडील चित्र पोहोचत नसे. लोक ड्रेस्डेनच्या परिसराला थट्टेने 'अजाणांचे खोरे' म्हणत. या भौगोलिक अपघातामुळे समाजशास्त्राला एक दुर्मीळ तुलना उपलब्ध झाली. होल्गर केर्न आणि येन्स हाइनम्युलर या दोन अभ्यासकांनी १९८८-८९ मधील गुप्त सर्वेक्षणांची कागदपत्रे तपासून २००९ मध्ये निष्कर्ष मांडला, तो सर्वसाधारण अपेक्षेच्या उलट होता. ज्यांना पश्चिमेकडील वाहिन्या दिसत होत्या ते लोक आपल्या राज्यावर तुलनेने अधिक समाधानी होते. देश सोडण्याचे अर्ज ड्रेस्डेनच्या बाजूने अधिक येत. मालिका, चित्रपट आणि खेळ पाहून संध्याकाळ सुसह्य होत होती, हे त्याचे एक स्पष्टीकरण. मला त्यातील दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. सत्य माहिती घराघरात पोहोचली तरी ती पडदे ओढून, आवाज कमी करून, एकेका कुटुंबाने स्वतंत्रपणे घेतलेली माहिती होती. दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिच्याविषयी मोकळेपणाने बोलण्याची सोय नव्हती. अशी माहिती मनात राहते. तिचे लोकमत होत नाही.

बालकांचे शिक्षण हा सिद्धान्तप्रचार आणि लोकप्रक्षोभन यांचा संगम होता. पहिल्या इयत्तेपासून निळा गळपट्टा बांधून मूल 'पायोनियर' होई. वयाच्या चौदाव्या वर्षी निळा सदरा घालून मुक्त जर्मन युवक संघटनेत जाई. ख्रिस्ती धर्मातील दृढीकरणाच्या संस्काराला पर्याय म्हणून १९५४ मध्ये 'युवादीक्षा' नावाचा सरकारी सोहळा रुजवण्यात आला आणि तो न करणाऱ्या मुलांना उच्च शिक्षणाची दारे बहुधा बंद होत. १९७८ पासून नववी आणि दहावीत लष्करी शिक्षण सक्तीचे झाले. संघटनांच्या सदस्यत्वाची किंवा युवादीक्षेची मात्र कायदेशीर सक्ती नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. नकार देण्याचा अधिकार होता. त्याची किंमत मुलाच्या भवितव्यातून वसूल होई आणि ती आईवडिलांना आधीच ठाऊक असे.

मुलांच्या द्वारे घराची चाहूल घेण्याची एक युक्ती पूर्व जर्मनांच्या आठवणींत वारंवार येते. बातम्यांपूर्वी पडद्यावर दिसणाऱ्या घड्याळात ठिपके असतात की रेघा, असे शिक्षिका सहज विचारी. दोन्ही देशांची घड्याळे वेगळी होती, त्यामुळे मुलाच्या निरागस उत्तरातून घरी कोणती वाहिनी पाहिली जाते ते कळे. परिणामी आईवडील मुलांना फार लवकर एक कौशल्य शिकवत : घरात बोलायचे वेगळे, शाळेत बोलायचे वेगळे. काही घरांनी ते शिकवलेच नाही, उलट मुलांसमोर बोलणेच थांबवले. पहिल्या घरातील मूल दुटप्पी होई. दुसऱ्या घरातील मूल शाळेतले सारे खरे मानू लागे. प्रचाराच्या दृष्टीने दोन्ही निष्पत्ती स्वीकारार्ह होत्या.

केवळ दबावाने हे राज्य चालले, असे म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. नाझी राजवटीने छळलेले अनेक साम्यवादी, ज्यू आणि लेखक या राज्याला खऱ्या अर्थाने आपले मानून तेथे आले होते. फॅसिझमचा पराभव करणाऱ्यांचे राज्य हा त्याचा सर्वांत प्रबळ प्रचारविषय होता आणि त्यात सत्याचा मोठा अंश होता. म्हणूनच तो मनाला भिडे. कवी आणि गायक वोल्फ बीअरमान यांचे वडील आउश्वित्झमध्ये मारले गेले होते. बीअरमान १९५३ मध्ये सोळाव्या वर्षी हॅम्बुर्ग सोडून स्वेच्छेने पूर्वेला आले, राहिले, आणि समाजवादाच्याच नावाने सरकारवर टीका करू लागले. नोव्हेंबर १९७६ मध्ये ते पश्चिमेत कार्यक्रमासाठी गेले असता सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. त्याविरुद्ध शंभराहून अधिक कलावंतांनी आणि लेखकांनी नावानिशी निषेध नोंदवला. श्रद्धावान माणसांचा हा वर्ग तुटला तेव्हा राज्याने आपला सर्वांत मौल्यवान आधार गमावला, असे अनेक इतिहासकार मानतात. श्रद्धावंताला संशयाने हाताळणे ही अशा सत्तांची जुनी खोड आहे.

भयाचे अधिकृत स्थान म्हणजे राज्य सुरक्षा मंत्रालय. ८ फेब्रुवारी १९५० रोजी स्थापन झालेले हे खाते 'श्टाझी' या संक्षिप्त नावाने जगभर ओळखले जाते. 'पक्षाची ढाल आणि तलवार' हे त्याचे बिरुद. १९५७ ते १९८९ अशी बत्तीस वर्षे एरिख मील्के हे त्याचे मंत्री होते. १९८९ मध्ये त्याचे पूर्णवेळ कर्मचारी सुमारे ९१ हजार होते आणि देशाची लोकसंख्या १ कोटी ६४ लाख. म्हणजे दर १८० नागरिकांमागे एक कर्मचारी. हिटलरच्या गेस्टापोचे मनुष्यबळ अत्युच्च विस्ताराच्या काळातही तीस-बत्तीस हजारांच्या आसपास होते आणि त्याच्या अखत्यारीतील लोकसंख्या कित्येक पटींनी मोठी होती. बर्लिनच्या होएनशॉनहाउजेन भागातील श्टाझीचे कारागृह शहराच्या नकाशात दाखवलेले नसे आणि तेथे कैद्यांना आणणाऱ्या बंद गाड्यांवर मासे किंवा भाजीपाल्याच्या जाहिराती रंगवलेल्या असत. टपाल कचेऱ्यांतील गुप्त कक्षांत पत्रे वाफेवर उघडून पुन्हा चिकटवली जात. संशयितांच्या अंगाचा गंध फडक्यांत टिपून तो काचेच्या बरण्यांत साठवण्यात येई, जेणेकरून पुढे प्रशिक्षित श्वानांकडून ओळख पटवता यावी.

या पूर्णवेळ कर्मचाऱ्यांखेरीज १,७०,००० ते १,९०,००० खबरे होते. त्यांची अधिकृत संज्ञा 'अनौपचारिक सहकारी' अशी सौम्य होती. भरती होताना खबऱ्या सामान्यतः स्वहस्ताक्षरात प्रतिज्ञापत्र लिही आणि स्वतःसाठी टोपणनाव निवडी. हे लोक धाकदपटशाने किंवा पैशाने वळवलेले असावेत, असा समज सर्वत्र आहे. श्टाझीच्याच नोंदींवरून मात्र असे दिसते की, बहुसंख्य खबरे राजकीय निष्ठेचे आवाहन करून मिळवले गेले. ब्लॅकमेलचे प्रमाण अल्प होते. नकार देणारेही पुष्कळ होते आणि त्यांतील बऱ्याच जणांना त्याची फारशी शिक्षा भोगावी लागली नाही. त्याहून उद्बोधक गोष्ट ही की, श्टाझीचा माणूस येऊन गेल्याचे आपण घरी किंवा कामावर सांगून टाकले आहे, एवढे म्हटले तरी भरतीचा प्रयत्न बहुधा सोडून दिला जाई. गुप्तता फुटली की तो माणूस निरुपयोगी होई. इतक्या अवाढव्य यंत्रणेवरचा हा उपाय एका वाक्याचा होता. पण तो ठाऊक असणारे थोडे, कारण ज्यांनी तो वापरला होता ते त्याविषयी उघड बोलत नव्हते.

सत्तरच्या दशकात भयाच्या स्वरूपात एक शास्त्रशुद्ध बदल झाला. १९७३ मध्ये पूर्व जर्मनी संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला आणि १९७५ मध्ये होनेकर यांनी मानवी हक्कांचा उल्लेख असलेल्या हेलसिंकी करारावर सही केली. आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठा हवी असेल तर उघड अटका गैरसोयीच्या होत्या. म्हणून जानेवारी १९७६ मध्ये श्टाझीने एक मार्गदर्शिका काढून 'विघटन' नावाची पद्धत रूढ केली. लक्ष्य केलेल्या व्यक्तीची बदनामी करणे, नोकरीत तिला पद्धतशीर अपयश येईल अशी व्यवस्था करणे, मित्रमंडळात परस्परांविषयी अविश्वास पेरणे, ही त्यातील शिफारस केलेली साधने होत. माणूस घरी नसताना आत शिरून वस्तू इकडेतिकडे करणे, खोटी निनावी पत्रे धाडणे, विवाहबाह्य संबंधांच्या अफवा सोडणे, असे प्रकार कागदपत्रांत नोंदलेले आहेत. पॉट्सडाम येथील मंत्रालयाच्या विधी महाविद्यालयात यासाठी 'कार्यकारी मानसशास्त्र' हा विषय शिकवला जाई. बळी पडणाऱ्याला आपल्यावर हल्ला झाला आहे, हे सिद्ध करता येत नसे. पुष्कळदा ते त्याच्या लक्षातही येत नसे. लेखक युर्गेन फुक्स, ज्यांनी स्वतः हा छळ सोसला, त्यांनी पुढे या पद्धतीचे दस्तऐवजीकरण करण्यासाठी आयुष्याची मोलाची वर्षे खर्च केली.

प्रचार आणि भय या दोन शक्ती वेगवेगळ्या वर्णन करण्याची प्रथा आहे. त्या एकत्र कशा काम करतात हे समजण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ तिमूर कुरान यांचा सिद्धान्त साहाय्यक ठरतो. त्यांच्या मते प्रत्येक माणसाचे एक आंतरिक मत असते आणि एक प्रकट मत असते. प्रकट मताची किंमत वाढली की माणूस आंतरिक मत झाकून दुसरेच बोलतो; याला आपण 'मतप्रच्छादन' म्हणू. आता समजा, असे दहा माणसांपैकी आठजण करत आहेत. त्यांतील प्रत्येकाला दिसतात ती इतर नऊ जणांची प्रकट मते. म्हणून तो असे समजतो की, शंका घेणारा आपणच एकटा आहोत. प्रचाराला अशा वेळी पटवून देण्याचे अवघड काम करावेच लागत नाही. घोषणाफलक खिडकीत लावला गेला, मिरवणुकीला गर्दी झाली, सभागृहात सर्व हात वर गेले, की प्रत्येकाच्या मनात बाकीच्यांविषयी एक चुकीचे अनुमान पक्के होते. भय माणसाच्या मनातील मत फारसे बदलत नाही. दुसऱ्याचे मत कळण्याचे सारे मार्ग ते बुजवते. आणि जे मत दीर्घकाळ कोणाच्याही मुखातून ऐकू येत नाही, त्यावर स्वतःचाही विश्वास हळूहळू उडू लागतो.

पूर्व जर्मनीतील मतदान हे या प्रक्रियेचे आदर्श उदाहरण आहे. संमती द्यायची तर मतपत्रिकेवर काहीही लिहावे लागत नसे. ती घ्यायची, दुमडायची आणि पेटीत टाकायची. लोक मतदानाला 'कागद दुमडणे' असेच म्हणत. विरोध करायचा असेल तरच यादीतील नावे खोडण्यासाठी लेखणी लागे, आणि त्यासाठी खोलीच्या कडेला ठेवलेल्या आडोशाकडे सर्वांदेखत चालत जावे लागे. आडोसा उपलब्ध होता, गुप्त मतदानाचा अधिकार पुस्तकात शाबूत होता. पण तिकडे वळणारी पावले उपस्थितांच्या नजरेत भरत. मतदानाला न येणाऱ्यांच्या घरी दुपारनंतर कार्यकर्ते चौकशीला जात.

सत्ताधीशही या अज्ञानातून सुटले नव्हते. प्रजेचे खरे मत जाणण्यासाठी पक्षाने १९६४ मध्ये जनमत संशोधन संस्था स्थापली होती. होनेकर यांच्या काळात, १९७९ मध्ये, ती बंद करण्यात आली. लाइपझिगची युवक संशोधन संस्था तेवढी सर्वेक्षणे करत राहिली आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तिच्या निष्कर्षांतून तरुणांची निष्ठा झपाट्याने घटत असल्याचे दिसत होते. ते अहवाल कुलूपबंद राहिले. श्टाझीकडून जनतेच्या मनःस्थितीचे वृत्तान्त वरिष्ठांना नियमित मिळत, पण ते वाचून धोरण बदलावे अशी इच्छा कोणी दाखवली नाही. भिंतींना कान होते. त्या कानांनी ऐकलेले समजून घेणारे डोके मात्र व्यवस्थेत नव्हते.

या मौनातून वाट काढणारी गोष्ट म्हणजे विनोद. राजकीय विनोद सांगणे धोक्याचे होते. लाइपझिग विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या एका उपहासमंडळाला १९६१ मध्ये अटक झाली आणि पुढे अभिनेता म्हणून विख्यात झालेल्या पेटर झोडान यांना त्यासाठी नऊ महिने कोठडीत काढावे लागले. पुढील काळात शिक्षा सौम्य झाल्या आणि विनोद फोफावले. एखाद्याने विनोद सांगावा आणि दुसऱ्याने हसावे, एवढ्यानेही दोघांना परस्परांचे आंतरिक मत क्षणभर कळते. म्हणून सर्वंकष सत्ता विनोदाला शत्रू मानते. तरीही या हास्याचे मोल वाढवून सांगू नये. हसून झाल्यावर दोघेही दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत चालत.

ही कोंडी १९८९ मध्ये कशी फुटली, हे पाहिल्यावर वरील विवेचनाची सत्यता पडताळता येते. मे महिन्यातील त्या निवडणुकीत काही नागरी गटांनी एक साधे काम केले. मतमोजणी पाहण्याचा अधिकार कायद्याने नागरिकांना होता. तो वापरून पूर्व बर्लिनच्या काही विभागांत ते केंद्राकेंद्रांवर उभे राहिले, विरोधी मतांचे आकडे टिपून घेतले आणि त्यांची बेरीज केली. ती अधिकृत आकड्यापेक्षा जास्त भरली. अनेक ठिकाणी विरोधी मते दहा टक्के किंवा त्याहून अधिक होती. हे प्रमाण बहुमत नव्हते. पण सुमारे एक टक्का आणि दहा टक्के यांत मानसिक अंतर फार मोठे आहे. जून महिन्यापासून दर महिन्याच्या सात तारखेला आलेक्झांडर चौकात त्याविरुद्ध निदर्शने होऊ लागली.

लाइपझिगच्या संत निकोलस चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी शांतिप्रार्थना होत असत. सप्टेंबर १९८९ पासून प्रार्थनेनंतर लोक रस्त्यावर उतरू लागले. ९ ऑक्टोबरच्या सोमवारी गोळीबार होणार, अशी धास्ती शहरभर होती. त्यापूर्वी स्थानिक वृत्तपत्रात एका कामगार-सैन्य तुकडीच्या प्रमुखाच्या नावाने शस्त्रवापराची धमकीही छापून आली होती. तरीही सुमारे ७० हजार माणसे जमली. वाद्यवृंदसंचालक कुर्ट माझुर आणि इतर पाच जणांचे संयमाचे आवाहन ध्वनिवर्धकांवरून ऐकवले गेले आणि सुरक्षा दले मागे राहिली. त्या रात्री दोन तरुणांनी एका चर्चच्या मनोऱ्यावरून लपून या जनसागराचे चित्रीकरण केले. ते चित्रीकरण चोरून पश्चिमेला गेले आणि दुसऱ्या दिवशी पश्चिम जर्मन दूरचित्रवाणीवर झळकले. ज्या पडद्याने वर्षानुवर्षे लोकांच्या संध्याकाळी सुसह्य केल्या, त्याच पडद्यावर पूर्व जर्मनांनी प्रथमच एकमेकांना संख्येने पाहिले. पुढील सोमवारी लाइपझिगमध्ये एक लाखाहून अधिक माणसे होती, त्यापुढच्या सोमवारी त्याच्या दुपटीहून जास्त. १३ नोव्हेंबरला मील्के संसदेत उभे राहिले आणि आपले सर्व माणसांवर प्रेम आहे, असे म्हणाले, तेव्हा सभागृहात हशा पिकला. तो देशभर थेट प्रक्षेपित झाला. १९९० च्या प्रारंभी पूर्व जर्मनांना एका सर्वेक्षणात विचारण्यात आले की, वर्षापूर्वी तुम्हाला अशा क्रांतीची अपेक्षा होती काय. होय म्हणणारे केवळ ५ टक्के निघाले; ७६ टक्के लोकांना ती पूर्णपणे अनपेक्षित होती. क्रांती ज्यांनी केली, त्यांनाच तिचा अंदाज नव्हता.

डिसेंबर १९८९ पासून नागरिकांनी श्टाझीची कार्यालये ताब्यात घेण्यास आरंभ केला. १५ जानेवारी १९९० रोजी ते बर्लिनच्या मुख्यालयात शिरले. कर्मचाऱ्यांनी घाईघाईत फाडलेल्या कागदांची सुमारे १६ हजार पोती हाती लागली. सुस्थितीतील कागदपत्रे एका ओळीत मांडली तर १११ किलोमीटर होतील एवढी होती. १९९१ च्या अखेरीस कायदा होऊन जानेवारी १९९२ पासून प्रत्येक नागरिकास स्वतःची फाइल पाहण्याचा अधिकार मिळाला. आजवर असे तीस लाखांहून अधिक व्यक्तिगत अर्ज आले आहेत. नागरी हक्क चळवळीतील वेरा वोलेनबेर्गर यांना आपला पतीच आपली माहिती पुरवत होता, हे या फायलींतून समजले. उलट, ज्याच्यावर वर्षानुवर्षे संशय घेतला तो मित्र निर्दोष होता, असेही अनेकांना कळले. विघटन-पद्धतीने आपले काम चोख केले होते. या विषयावरील 'दास लेबेन डेर आन्डेरेन' हा २००६ चा जर्मन चित्रपट आपल्याकडील चित्रपट मंडळांच्या प्रेक्षकांनाही परिचित आहे. त्याच्या चित्रीकरणासाठी होएनशॉनहाउजेनच्या स्मारकाने जागा नाकारली होती, कारण आपल्या लक्ष्याला वाचवणारा तसा सहृदय श्टाझी अधिकारी इतिहासात आढळत नाही, असे स्मारकाच्या संचालकांचे म्हणणे होते.

भयाची यंत्रणा नष्ट झाल्यावर तिचे परिणाम किती काळ टिकतात, याचेही मोजमाप आता झाले आहे. आन्द्रेआस लिख्टर, माक्स लॉफ्लर आणि सेबास्टिआन झीगलोख या अर्थशास्त्रज्ञांनी श्टाझीच्या जिल्हावार नोंदी आणि एकीकरणानंतरची सर्वेक्षणे यांची सांगड घातली. ज्या जिल्ह्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात खबऱ्यांची संख्या अधिक होती, तेथील लोक एकीकरणानंतरही अनोळखी माणसावर कमी विश्वास ठेवतात, सार्वजनिक कार्यात कमी भाग घेतात आणि त्यांचे उत्पन्नही तुलनेने कमी आहे, असे त्यांना दिसून आले.